हॅस्केलच्या बेस लायब्ररीत छोटं फंक्शन घालायचं असेल तर

बेस म्हणजे हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेची मूळ लायब्ररी. तिच्यात एकदा गेलेलं नाव परत काढणं फार अवघड असतं, कारण तोवर ते असंख्य पॅकेजेसमध्ये वापरलं गेलेलं असतं. म्हणून आधी हूगलवर (हॅस्केलची फंक्शनं शोधायचं सर्च इंजिन) शोधा, आणि नावाऐवजी टाइप (फंक्शन काय घेतं आणि काय देतं) टाकून शोधा. तेच फंक्शन दुसऱ्या नावाने आधीपासून असल्याचं बरेचदा आढळतं. दोन उपलब्ध फंक्शनं जोडून तेवढ्याच लांबीत तेच काम होत असेल, तर प्रस्ताव मांडूच नका. हाताने लिहिताना लोक हमखास चुकतात अशा फंक्शनची बाजू सगळ्यात भक्कम असते.

'अनस्नॉक' हे त्याचं चांगलं उदाहरण. ते बेस ४.१९ मध्ये, म्हणजे २०२३ च्या जीएचसी (हॅस्केलचा कंपायलर) ९.८ सोबत आलं. त्याचा टाइप [अ] -> मेबी ([अ], अ): शेवटचा घटक वेगळा, बाकीची लिस्ट वेगळी, आणि लिस्ट रिकामी असेल तर 'नथिंग', म्हणजे काहीच नाही; उत्तर असेल तर ते 'जस्ट'मध्ये गुंडाळून येतं. हे नसताना लोक 'इनिट' (शेवटचा सोडून बाकीची लिस्ट) आणि 'लास्ट' (शेवटचा घटक) वापरायचे. त्यात लिस्ट दोनदा फिरावी लागते आणि रिकाम्या लिस्टवर दोन्ही कोसळतात. काही जण 'रिव्हर्स' करून पहिला घटक काढतात. तिथे लेझीनेस (गरज पडेल तेवढंच मोजणं) पूर्ण जातो.

नीट व्याख्या 'फोल्डआर'ने (लिस्ट उजवीकडून दुमडत नेणारं फंक्शन) होते. प्रत्येक घटकापाशी पुढच्या भागाचा निकाल बघायचा. तो 'नथिंग' असेल तर रिकामी लिस्ट आणि हाच घटक अशी जोडी द्यायची. 'जस्ट' असेल तर आतल्या लिस्टच्या सुरुवातीला हा घटक जोडायचा. खरी गोम जोडीच्या पॅटर्नआधीच्या ~ या चिन्हात आहे; त्यामुळे जोडी गरज पडेपर्यंत उघडली जात नाही. ते विसरलात तरी कोड कंपाइल होतो, लहान लिस्टवरच्या टेस्टही पास होतात. पण मग पहिला घटक मिळवायलाही लिस्टच्या टोकापर्यंत जावं लागतं: लांब लिस्टवर स्टॅक वाढत जातो आणि अनंत लिस्टवर उत्तरच येत नाही. त्यामुळे टेस्टमध्ये अर्धवट लिस्ट द्याच, म्हणजे जिचा पुढचा भाग 'अनडिफाइन्ड' आहे आणि तो बघितला की एक्सेप्शन येतं. १ : २ : अनडिफाइन्ड दिल्यावर निकालातल्या लिस्टचं 'हेड' १ यायला हवं. १ : अनडिफाइन्ड वर मात्र एक्सेप्शनच येतं, आणि ते बरोबर आहे, १ शेवटचा आहे की नाही हे पुढे पाहिल्याशिवाय ठरत नाही. ही उदाहरणं डॉक्युमेंटेशनमध्येही घाला. छोट्या फंक्शनचा लेझीनेस कागदावर नसेल, तर पुढे कुणीतरी 'सुधारणा' म्हणून तो मोडतो.

नावाचा प्रश्न कोडपेक्षा जास्त वेळ खातो. एखाद्याने 'डेटा.लिस्ट' सबंध इम्पोर्ट केलंय आणि त्याच मॉड्यूलमध्ये स्वतःचं 'अनस्नॉक' लिहिलंय, तर नव्या बेसवर ते नाव वापरलेल्या ठिकाणी 'ॲम्बिग्युअस ऑकरन्स'ची एरर येते. मॉड्यूलमधली व्याख्या इम्पोर्टला झाकत नाही. क्वालिफाइड (मॉड्यूलचं नाव पुढे लावून) किंवा हवी तेवढीच नावं देऊन इम्पोर्ट करणाऱ्यांना त्रास होत नाही. प्रिल्यूड हे बेसमधलं मॉड्यूल मात्र प्रत्येक मॉड्यूलमध्ये आपोआप येतं, म्हणून तिथे नाव घालणं सगळ्यात महाग. 'फोल्डएल प्राइम' कित्येक वर्षं 'डेटा.लिस्ट'मध्ये होतं आणि प्रिल्यूडमध्ये थेट बेस ४.२० ला आलं. आपलं फंक्शन विषयाच्या मॉड्यूलमध्येच ठेवा.

प्रस्ताव बेसमधले बदल ठरवणाऱ्या कोअर लायब्ररीज कमिटीच्या गिटहब रिपॉझिटरीत इश्यू म्हणून मांडतात, कमिटीचे सदस्य त्यावर मत देतात. इश्यूत टाइप, पूर्ण व्याख्या, खऱ्या पॅकेजेसमध्ये लोकांनी हाताने लिहिलेल्या त्याच्या आवृत्त्या आणि नाव कुठे आदळेल, एवढं हवंच. नाव आदळण्याची शक्यता असेल तर बदललेल्या जीएचसीने स्टॅकेजमधली (एकमेकांसोबत चालणाऱ्या पॅकेजेसचा संच) पॅकेजेस बिल्ड करून काय तुटतं ते दाखवा. इथे अंदाज चालत नाही.

मर्ज रिक्वेस्ट जीएचसीच्या गिटलॅबवर जाते. त्यात व्याख्या आणि एक्सपोर्ट लिस्टमधली नोंद, 'सिन्स' टॅगमध्ये येणाऱ्या बेसची आवृत्ती, चेंजलॉगमध्ये एक ओळ आणि टेस्ट असाव्यात. मंजुरी लांबली आणि एखादं रिलीज हुकलं, तर टॅगमधला आकडा बदलायचं लक्षात ठेवा. सीआय (मर्ज रिक्वेस्टवर आपोआप चालणारी तपासणी) बहुतेक वेळा अडकतं ते 'बेस-एक्सपोर्ट्स' या टेस्टवर: बेस बाहेर देत असलेल्या सगळ्या नावांची यादी तिथे फाइलमध्ये साठवलेली असते. हेड्रियन या जीएचसीच्या बिल्ड साधनाने ती टेस्ट ॲक्सेप्ट पर्याय देऊन चालवली की आपल्या प्लॅटफॉर्मची यादी बदलते. विंडोज, जावास्क्रिप्ट आणि ३२-बिटच्या याद्या वेगळ्या फाइलींत आहेत, त्यांत तीच ओळ हाताने घालावी लागते.