आजोबाची ३१५ बोर घरात हाय? मग हे आधी बघा

आपल्या मराठवाड्यात जुन्या वाड्यात एखादी बोल्ट अ‍ॅक्शन रायफल (हातानं बोल्ट म्हंजे दांडा मागंपुढं करून गोळी भरायची) निघतेच, बहुतेक करून बंगालातल्या इशापूर कारखान्याची ३१५ बोर (बोर म्हंजे नळीचं माप), जिची अ‍ॅक्शन इंग्रजाच्या ली एनफिल्डवरून घेतलेली. इंग्रजाची खरी ३०३ मात्र प्रोहिबिटेड बोर, म्हंजे साध्या माणसाला बंदी असलेली, तिचा नाद सोडा. आधी कागद. लायसनवाला वारला असंल तर वारसानं कलेक्टर ऑफिसला अर्ज करायचा, तोवर हात लावायचा न्हाई. अन शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं, म्हणून कलेक्शनची हौस आपल्याकडं तशीच मारावी लागते.

लायसन झालं की मॅगझिन काढा, बोल्ट मागं ओढून चेंबर (काडतूस बसायची जागा) बोट घालून तपासा. बोल्टवरचा अन बॉडीवरचा नंबर जुळतो का बघा, कारण बोल्ट त्याच रायफलीला बसवलेला असतो, दुसरा टाकला तर हेडस्पेस (बोल्ट अन काडतुसाच्या बुडामधली जागा) बिघडू शकतो, मग गनस्मिथला दाखवल्याशिवाय एक बी राउंड न्हाई. बॅरलमधून उजेडाकडं बघा, गंजाचे खड्डे दिसले की नेम विसरा.

जुन्या काडतुसाच्या प्रायमरमधलं (बुडाला ठिणगी पाडणारा भाग) मीठ बॅरल खातं, फायर केल्यावर आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. निसतं तेल लावून मीठ जात न्हाई, आमच्याकडं एक बॅरल असंच गेलं. चामड्याच्या कव्हरमधी ठेवू नका, पावसाळ्यात ओल धरतं.

लांबचा नेम लायसनवाल्या रेंजवरच. नजर पुढच्या साइटवर (नळीच्या टोकावरची नेमाची खूण), टार्गेट जरा धूसर दिसलं तरी चालतंय. अर्धा श्वास सोडा, ट्रिगर हळूच दाबा. मे महिन्यात दुपारी जाऊ नका, झळांनी टार्गेट नाचतंय नुसतं.