मृगाआधी गाळखड्डा उपसा, पेरणीचं मग बघू

वरच्या रानाचं पाणी शेततळ्यात घेत असाल तर हा आठवडा दुसऱ्या कशात घालवू नका. तळ्याच्या तोंडाशी असलेला गाळखड्डा, म्हणजे वाहून आलेली माती तळ्याआधीच खाली बसावी म्हणून केलेला खड्डा, आधी रिकामा करा. मराठवाड्यात ऐन शेंगा भरताना पावसानं ओढ दिली, की तळं असूनही सोयाबीन वाळून गेलेलं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तळ्यात कंबरभर चिखल, वर हिरवंगार शेवाळ आणि मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गाळात रुतलेला. विचारलं तर उत्तर ठरलेलं: खड्डा मागच्या पावसाळ्यापासून कुणी उपसलाच नाही.

ज्यांनी खड्ड्याच्या पुढे, तळ्याच्या अलीकडे पाणकणसाचं (पाणथळीत वाढणारं उंच गवत) पाणथळ खाचर केलंय, म्हणजे पाणी उथळ थांबून स्वच्छ होईल अशी जागा, त्यांनी तर अजिबात हयगय करू नये. सोयाबीनला परभणी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 30 किलो नत्र (नायट्रोजन), 60 किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि 30 किलो पालाश (पोटॅश). यातलं स्फुरद मातीच्या कणाला धरून राहतं, माती वाहिली की तेही जातं. त्याला गाळखड्डाच अडवतो. नत्र मात्र नायट्रेट होऊन पाण्यात विरघळतं. ते खाचरातल्या हवा नसलेल्या चिखलात जीवाणू फोडतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. त्यासाठी पाणी तिथं दिवसभर तरी रेंगाळलं पाहिजे.

खड्डा भरलेला असला की गाळ सरळ खाचरात उतरतो आणि पाणी आपली वाट पाडतं. पहिल्या पावसात बोटभर चर दिसते. तिसऱ्या पावसाला तीच घोटाभर खोल होते, आणि मग सगळं पाणी पाणकणसाला न शिवता तळ्यात जातं. खाचर बाहेरून हिरवं दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

नव्यानं करणाऱ्यांसाठी:
– एक हेक्टर रानाच्या पाण्याला किमान एक गुंठा खाचर, जमल्यास दोन
– पाण्याची खोली वीतभर ते हातभर
– रुंदीच्या तिप्पट लांबी
– तोंडाशी दगडी पट्टा, लेव्हल पाइप लावून सपाट
– जादा पाण्याला बाजूनं वेगळा सांडवा
– पाणकणीस, वाळा, कर्दळ चालेल, जलपर्णी नको
– डासांसाठी गप्पी मासे

सांडवा टाळू नका. हेक्टरावर 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे 250 घनमीटर पाणी. त्यातलं तिसरा हिस्सा वाहिलं तरी 80 घनमीटरच्या आसपास होतं, आणि गुंठाभर खाचरात फूटभर खोलीला 30 घनमीटरच मावतं. ढगफुटीचं पाणी खाचरातून नेलं तर बांधासकट जाईल.

दुकानदार जीवाणूंची बाटली पुढे करेल, शेवाळ मारायची पावडरही देईल. घेऊ नका. वरून गाळ आणि खत येतच राहिलं तर शेवाळ पुन्हा धरणारच. नत्र फोडणारे जीवाणू चिखलात असतातच. जवळच्या ओढ्यातले पाणकणसाचे गड्डे मुळाचा काळा चिखल न झटकता आणून लावा. माझ्या पाहण्यात अशी खाचरं नर्सरीच्या रोपांपेक्षा लवकर कामाला लागतात.

फवारणीचा पंप खाचराजवळ धुऊ नका. सगळी औषधं तिथं नष्ट होत नाहीत. फवारणीच्या दिवसांत तिथलं गवत जनावरांना घालू नका.

पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच. हवामान सांगणाऱ्या मेघदूत ॲपवर दोन दिवसांत मोठा पाऊस दिसत असेल तर खताचं पोतं फोडू नका.

आणि पुन्हा खड्ड्याकडे. मृगाआधी एकदा उपसलं म्हणजे झालं असं नाही. प्रत्येक मोठ्या पावसानंतर काठी घालून बघा. निम्मा भरला असेल तर पहिल्या उघडिपीत उपसा, पंचमीची किंवा पोळ्याची वाट बघू नका. निघालेला गाळ बांधावर टाकू नका, पुढच्या सरीत तो परत आत येतो. ट्रॉलीत भरून वरच्या हलक्या रानात पसरा. तुमचंच विकत घेतलेलं स्फुरद त्यात आहे.