छोट्या गाडीचं पिकअप वाढवताय? या चुका टाळा

सेकंड हँड हॅचबॅक घेतली की पहिला महिना सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिममध्ये जातो. दुसऱ्या महिन्यात कोणीतरी रीमॅपचा (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून ताकद वाढवण्याचा) विषय काढतं, आणि मग खंबाटकीत ट्रकला ओव्हरटेक करताना गाडी ‘ओढत नाही’ हे अचानक जाणवायला लागतं. हौसेला मोल नाही, हे मान्य. पण ट्यूनिंग करून बिघडलेल्या गाड्यांमध्ये दोष बहुतेक वेळा फाइलचा नसतो. एक तर आधी करायची कामं केलेली नसतात, नाहीतर इंजिनला झेपेल त्यापेक्षा जास्त उष्णता त्याच्या गळ्यात मारलेली असते.

थकलेल्या इंजिनावर रीमॅप

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लाखभर किलोमीटर चाललेली डिझेल स्विफ्ट कागदावर ७५ पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती) असते. आज ती तेवढे देतेय का, हे तपासायच्या भानगडीत कोणी पडत नाही. एअर फिल्टर चोंदलेला असतो, ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत) काजळी साठलेली असते, एखादा इंजेक्टर गळत असतो. अशा गाडीत नवी फाइल टाकली की डिझेल वाढतं, हवा मात्र होती तेवढीच राहते. न जळालेलं डिझेल काळ्या धुरावाटे बाहेर पडतं आणि मालक म्हणतो, रीमॅप फसवा आहे.

आधी कॉम्प्रेशन टेस्ट (कोणता सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं) करून घ्या. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांत फरक किती आहे ते पाहा. १० टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर आधी इंजिन काम, ट्यूनिंग नंतर. मग स्कॅनर लावून बिघाडाचे जुने कोड वाचा. मेकॅनिकला ते पुसू देऊ नका, आधी लिहून घ्या.

टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबणारा पंप, असलेल्या गाडीत तिसरी तपासणी होज पाइपची. टर्बोपासून इनटेकपर्यंतचा पाइप हाताने चाचपत चला. जोडावर तेलकट ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तिथून दाब सुटतोय असं समजा. पाइपच्या आत थोडा तेलाचा थर असणं नेहमीचं आहे, तो बाहेर यायला नको. खात्री करायची तर इंजिन बंद ठेवून, टर्बोच्या तोंडाकडून अर्ध्या बारच्या आसपास हवा भरायची आणि प्रत्येक क्लिपवर साबणाचं पाणी मारायचं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो तसंच. रबराची चीर बऱ्याचदा खालच्या बाजूला, जिथे पाइप कशाला तरी घासतो तिथे असते. वरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही. एवढी दुरुस्ती झाल्यावर अनेकांची रीमॅपची हौस तिथेच फिटते.

‘त्याची गाडी शंभर पीएसवर गेली, माझी का नाही?’

कारण नाव एक असलं तरी इंजिन एक नसतं. फियाटचं १.३ मल्टिजेट घ्या. १२४८ सीसीचं हे डिझेल इंजिन स्विफ्ट, रिट्झ, इंडिका व्हिस्टा आणि पुन्टो या सगळ्यांत होतं. आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही ते बनत होतं. डिझेल स्विफ्टमध्ये त्याचे ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवायचा जोर). तेच अर्टिगात ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटर, तर पुन्टोच्या वरच्या मॉडेलमध्ये ९३ पीएस आणि २०९ न्यूटन मीटर.

हा फरक कंपनीने नुसती फाइल बदलून मिळवलेला नाही. जास्त ताकदीच्या इंजिनाला व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो (गरजेनुसार आतली पाती वळवणारा) आहे आणि इंटरकूलर आहे. स्विफ्टच्या टर्बोला ती सोय नाही आणि इंटरकूलरही नाही. टर्बोने दाबलेली हवा तापते. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे त्याच जागेत ऑक्सिजन कमी मावतो. इंटरकूलर ती हवा थंड करून परत दाट करतो. तो नसलेल्या गाडीत फक्त बूस्ट (टर्बोचा दाब) आणि डिझेल वाढवत गेलात तर ताकद थोडी वाढते, पण एक्झॉस्टचं तापमान त्याहून पुष्कळ वर जातं. याची किंमत टर्बो आणि पिस्टन मोजतात, तीही लगेच नाही. दोन किलोमीटरच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये सगळं झकास वाटतं. एप्रिलमध्ये पाच माणसं आणि सामान घेऊन कसारा चढताना खरी परीक्षा होते.

म्हणून ७५ पीएसच्या मल्टिजेटला कोणी मोठा आकडा देऊ केला तर एकच विचारा: इंटरकूलर कोणता टाकणार? उत्तर आलं नाही तर चहा पिऊन निघा.

आकड्यांवरून आठवलं. जास्तीत जास्त पीएस किती यावर भांडण्यात अर्थ नाही. २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर म्हणजे त्या क्षणी साधारण ५४ पीएस. घाटात, गावाच्या रस्त्यावर, ओव्हरटेकला आपण वापरतो तो हाच पट्टा. १८०० ते ३००० दरम्यान १५-२० न्यूटन मीटर वाढले तर रोज जाणवतात. ४००० च्या पुढे वाढलेले १० पीएस डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या मशीनच्या) कागदावरच छान दिसतात. डायनो करायचाच तर आधीचा आणि नंतरचा, दोन्ही रन एकाच मशीनवर, त्याच दिवशी, त्याच गिअरमध्ये घ्या.

टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीकडून अवास्तव अपेक्षा

स्विफ्टच्या के-सीरिज १.२ पेट्रोलमध्ये सुमारे ८५ पीएस आणि ११३ न्यूटन मीटर आहेत. हवा ओढायला टर्बो नाही, म्हणजे फाइलमध्ये वाढवायला बूस्टच नाही. रीमॅप, फिल्टर आणि सायलेन्सर मिळून मोजके पीएस येतात. आवाज मात्र दुप्पट येतो, आणि पुष्कळ जण त्या आवाजालाच पिकअप समजतात. वर तीच मंडळी १४ इंची टायर काढून १६ इंची जड अलॉय टाकतात. चाक जड झालं आणि टायरचा घेरही वाढला की गिअरिंग लांबतं, आणि महागडा फिल्टर लावून मिळवलेलं होतं तेही जातं.

उघडा फिल्टर, गरम हवा

बॉनेटखाली चकचकीत कोन फिल्टर लावायची जुनी फॅशन अजून गेलेली नाही. कंपनीचा एअर बॉक्स ओबडधोबड दिसतो, पण तो ग्रिलमागून बाहेरची हवा घेतो. उघडा कोन इंजिनाभोवतीची तापलेली हवा ओढतो. हवा २५ अंशांवरून ६० अंशांवर गेली की तिची घनता सुमारे १० टक्क्यांनी घटते. म्हणजे पैसे देऊन गाडी मंद केली. कोन लावायचाच असेल तर त्याला उष्णता अडवणारी पेटी करा आणि पाइप ग्रिलपर्यंत न्या.

तेल लावायचे कापडी फिल्टर धुतल्यावर त्यांना तेल बेताने लावा. मल्टिजेटसारख्या इंजिनात हवेचं वजन मोजणारा एमएएफ सेन्सर असतो. जास्तीचं तेल त्याच्या तापलेल्या तारेवर बसलं की तो चुकीचं वजन सांगतो आणि गाडी कधी दम तोडते, कधी धूर सोडते.

फाइल एका पेट्रोलची, टाकीत दुसरंच

पोलो १.० टीएसआय हे ट्यूनर मंडळींचं लाडकं इंजिन. चाकणमध्ये बनणाऱ्या पोलोत ते ११० पीएस आणि १७५ न्यूटन मीटर द्यायचं. टर्बो असल्यामुळे इथे फाइलने खरोखर फरक पडतो. चूक होते ती फाइल निवडताना. ९५ ऑक्टेनच्या (दाबाखाली सहज न पेटणाऱ्या) पेट्रोलसाठी लिहिलेली फाइल टाकायची आणि तालुक्याच्या पंपावर साधं पेट्रोल भरायचं, हे जमत नाही. कमी ऑक्टेनचं पेट्रोल दाबाखाली वेळेआधी पेटतं, नॉक सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. गाडी स्टॉकपेक्षाही (कंपनीच्या मूळ स्थितीपेक्षाही) मंद वाटते ती यामुळेच. गरम दिवशी, पूर्ण लोडवर सेन्सरलाही मर्यादा पडतात.

इथेनॉलमुळे गणित आणखी बदललंय. शुद्ध पेट्रोलला वजनाने एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साधारण साडेतेरा. इथेनॉल ऑक्टेन वाढवतं, पण इंधन जास्त सोडावं लागतं. त्यामुळे जुनी फाइल, जुने इंजेक्टर आणि थकलेला फ्युएल पंप एकत्र आले की वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, इंधन कमी). ट्यूनरला विचारा, ही फाइल कोणत्या पेट्रोलवर तपासली?

आणि छोटं टर्बो पेट्रोल चौथ्या गिअरमध्ये १४०० आरपीएमला ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून चढवू नका. कमी वेगात, जास्त दाबाखाली होणाऱ्या अवेळी स्फोटाने पिस्टनची रिंगपट्टी (रिंग बसते ती कड) तुटते. एक गिअर खाली घ्या आणि तेल एपीआय एसपी दर्जाचं वापरा. या त्रासाविरुद्धची चाचणी त्या दर्जात आहे.

क्लच आणि ब्रेक विसरणं

टॉर्क वाढला की पहिली ओरड क्लच प्लेटची. तपासणी सोपी आहे: मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाला पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम उसळला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. हाफ क्लचवर घाट चढवायची सवय असेल तर स्टॉक गाडीतही हेच दिसेल.

ब्रेकचं तेल हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. डॉट ४ दर्जाचं तेल नवं असताना २३० अंशांच्या पुढे उकळतं, ओलावा शोषल्यावर तेच १५५ अंशांवर येऊ शकतं. आंबोली वेगात उतरताना पॅडल मऊ लागलं तर तेल उकळलंय असं धरा, बाजूला घेऊन ब्रेक थंड होऊ द्या. दर दोन वर्षांनी हे तेल बदलायचं, गाडी ट्यून केलेली असो वा नसो.

रीमॅपनंतर बिघाड झाला तर

डिझेल गाडी अचानक लंगडी झाली, २५००-३००० च्या पुढे जाईना आणि पी०२९९ कोड आला तर बूस्ट कमी पडतोय. पुन्हा होज पाइपपासून सुरुवात करा. पी०२३४ आला तर बूस्ट जास्त होतोय, म्हणजे फाइल हावरट आहे किंवा वेस्टगेट (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) अडकलाय. पेट्रोलमध्ये पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ: इनटेकची गळती, फ्युएल प्रेशर, सेन्सर, या क्रमाने बघा. पी०३०० आला आणि गाडी मिस मारत असेल तर प्लग आणि कॉइल आधी. बूस्ट वाढला की ठिणगी पडणं अवघड होतं, म्हणून काल चालणारा जुना प्लग आज मिस मारतो. पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधले विषारी वायू साफ करणारा भाग) कमजोर. तो काढून सरळ पाइप टाकला असेल तर कोड आलाच पाहिजे.

दोन बदल एकाच दिवशी केले असतील तर बिघाड कशाचा हे कळत नाही. एक बदल, मग काही आठवडे नेहमीची गाडी चालवणं, मग पुढचा.

कायद्याकडे डोळेझाक

गॅरेजमध्ये हा विषय कोणी काढत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. फाइल डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती कायद्याबाहेर जात नाही. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला न कळवलेला बदल सापडला तर क्लेम अडतो. डिझेलला पीयूसीत धुराची चाचणी असते, तिथे काळा धूर लपत नाही.

ट्रॅकसाठी वेगळी गाडी ठेवणाऱ्यांचा प्रश्न निराळा. रोजच्या गाडीला हात लावणाऱ्याने निदान ईसीयूमधली मूळ फाइल आधी वाचून पेन ड्राइव्हवर स्वतःकडे घ्यावी. ट्यूनर ‘आमच्याकडे आहे, काळजी नको’ म्हणेल, तरी घ्यावी. दुकान बंद झालं, सर्व्हिस सेंटरने अपडेट मारला किंवा गाडी विकायची वेळ आली तर तीच लागते.