मुक्तस्रोत आणायचं तर आधी माणसांची सोय करा

विद्यापीठाच्या बैठकीत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, “म्हणजे फुकट ना?” मी संगणक विभागात सर्व्हर सांभाळतो आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: परवाना फुकट, सांभाळणं नाही. म्हणून धोरणातला पहिला ठराव पैशाचा हवा. परवान्यांवर वाचणारी रक्कम निदान पहिली तीन वर्षं संगणक विभागाची माणसं आणि त्यांचं प्रशिक्षण यांवरच खर्च होईल, असं लिहून घ्या आणि त्या ओळीवर वित्त अधिकाऱ्यांची सही घ्या. सही मिळत नसेल तर पुढच्या कामाला हात लावू नका. प्रत्येक प्रणालीला दोन जाणकार हवेत. एकच असला तर त्याच्या रजेच्या दिवशीच सर्व्हर बसतो.

मग यादी करा. कोणती प्रणाली कोण वापरतं, करार कधी संपतो, डेटा कुठे आहे आणि तो कोणत्या स्वरूपात बाहेर काढता येतो. या शेवटच्या रकान्यापाशी सगळे अडखळतात. पुरवठादाराला लेखी विचाराच, पण त्याच्या उत्तरावर विसंबून राहू नका. शंभरेक नोंदी स्वतः काढून, दुसरीकडे चढवून बघा. कुठली प्रणाली आधी बदलायची, हे त्यावरून कळेल.

ऑफिस पॅकेजपासून सुरुवात करायचा मोह होतो, कारण तो बदल सगळ्यांना दिसतो. टाळा. म्युनिकच्या नगर प्रशासनाने हजारो संगणक विंडोजवरून लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीवर नेले आणि २०१७ मध्ये तिथल्या नगर परिषदेने विंडोजकडे परतायचा ठराव केला. त्यामागच्या कारणांवर अजून वाद घातला जातो. पण रोज हाताखाली असलेलं बदललं की तक्रारही रोज येते, हे कुठल्याही कार्यालयात दिसेल.

त्यापेक्षा ग्रंथालयात जा. कोहा ही ग्रंथालयाच्या कामाची मुक्तस्रोत प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेने १९९९ मध्ये बनवून घेतली, कारण जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालेल याची तिला खात्री नव्हती. मी ती सुचवतो ते मात्र मार्कसाठी, म्हणजे ग्रंथालयीन नोंदींच्या प्रमाणित स्वरूपासाठी. पुस्तकांच्या नोंदी त्यात असल्या की आत नेता येतात आणि उद्या पटलं नाही तर बाहेरही काढता येतात. (देवघेवीचा आणि दंडाचा हिशेब मार्कमध्ये बसत नाही, तो वेगळा काढावा लागतो. ग्रंथपालांना हे आधीच सांगा.) प्रबंधांच्या संग्रहासाठी डीस्पेस आहे, एमआयटी आणि एचपीने मिळून २००२ मध्ये आणलेलं. परीक्षा विभाग अगदी शेवटी. तिथले नियम सारखे बदलतात आणि निकालाची तारीख कुणी पुढे ढकलू देत नाही.

शिकवण्यासाठी मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रमांची प्रणाली घ्यायची असेल तर त्याआधी एकच लॉगिन उभं करा. सगळ्यांची खाती एका एलडॅप सर्व्हरवर, म्हणजे खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीत, आणि त्यावर एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश देणारं शिबोलेथ किंवा कॅस. हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही, पण ते झालं की पुढची प्रत्येक प्रणाली त्याला जोडता येते आणि नोकरी सोडून गेलेल्याचं खातं एकाच जागी बंद होतं. मूडल एका विभागात एक सत्र चालवून बघा, आणि सत्राच्या मध्यावर काहीही हलवू नका.

प्रकल्प निवडताना सोयींचा तक्ता सगळेच बघतात. तुम्ही निर्णय कुणाच्या हातात आहेत ते बघा. सेंटओएस ८ या सर्व्हरसाठीच्या लिनक्स प्रणालीला २०२९ पर्यंत आधार मिळणार होता. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की तो २०२१ अखेर संपेल. इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीने २०२१ मध्ये आणि सर्व्हर उभारणीच्या टेराफॉर्मने २०२३ मध्ये परवाना बदलून अधिक बंधनांचा केला. एकाच कंपनीच्या मुठीत असलेल्या प्रकल्पाबाबत ही शक्यता धरूनच चाला. मी तरी प्रतिष्ठानाच्या किंवा अनेक संस्थांच्या ताब्यातला प्रकल्प निवडेन, मग दोन सोयी कमी असल्या तरी चालेल.

निविदेत उत्पादनाचं नाव लिहू नका. खुली स्वरूपं, पूर्ण डेटा काढून द्यायची अट आणि करार संपल्यावर तो किती दिवसांत मिळेल, हे लिहा. मुक्तस्रोत प्रणालीची देखभाल बाहेर दिली तरी हीच कलमं ठेवा, कारण पुरवठादार तिथेही अडवू शकतो.

आता सगळ्यांत महागात पडणारी गोष्ट. कोड हाताशी असतो, मग एखादे विभागप्रमुख म्हणतात, “एवढं एक बटण बदलून द्या.” मूळ कोडला हात लावलात की प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी तो बदल पुन्हा बसवावा लागतो, असे दहा बदल साचले की अपडेट करणंच थांबतं आणि सुरक्षेची भोकं तशीच राहतात. मूडलला प्लगइन, म्हणजे मूळ कोडला हात न लावता बसणारे जोडभाग, चालतात, तिथेच हौस भागवा. एजीपीएल या मुक्तस्रोत परवान्याचं सॉफ्टवेअर बदलून नेटवर्कवरून वापरायला दिलंत, तर वापरणाऱ्यांना बदललेला कोडही उपलब्ध करून द्यावा लागतो, हे कायदा विभागाला आधीच समजावा.

टाळताच न येणारा बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवा. त्यांनी स्वीकारला तर तो पुढच्या आवृत्तीत आपोआप येतो. मात्र कामाच्या वेळेत लिहिलेल्या कोडवर बहुतेकदा विद्यापीठाचा हक्क असतो. तो बाहेर द्यायची परवानगी दर वेळी मागत बसू नका. कुलसचिवांकडून एकदाच सरसकट लेखी घ्या आणि प्रत फायलीत लावा.