चांदीच्या जेलवर रामन स्पेक्ट्रम घेताय? या चुका टाळा

लेसर मारल्यावर रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशाचा आलेख म्हणजे रामन स्पेक्ट्रम; त्यावरून रेणू ओळखतात. चांदीचा जेल म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची ओली जाळी; तिच्यावर हा सिग्नल वाढतो. जेलवर नमुन्याचा थेंब टाकायचा, लेसर मारायचा आणि जो पीक (आलेखातलं टोक) दिसेल तो आपल्याच रेणूचा समजायचा. बेळगाव, चिकोडी, निपाणीकडची प्रोजेक्टवाली पोरं सर्वांत जास्त इथेच घसरतात.

अथणीच्या द्राक्षांवर थायरम हे बुरशीनाशक शोधणारा एक विद्यार्थी अहवाल घेऊन आला. "सर, सापडलं!" चांदीवर थायरमचा मुख्य पीक १३८० सेंटिमीटर इन्व्हर्सच्या (आलेखाच्या आडव्या अक्षाचं एकक) आसपास येतो, हे त्याने वाचलेलं. त्याच्या आलेखात तिथेच मोठा उंचवटा होता. मी विचारलं, कोऱ्या जेलचा स्पेक्ट्रम कुठाय? घेतलाच नव्हता. त्याच संध्याकाळी घेतला, तर नमुना नसतानाही तोच उंचवटा, शिवाय १५८० जवळ दुसरा, आणि दर सेकंदाला दोघांचं रूप बदलतंय. लेसर पूर्ण ताकदीवर होता. जेल करताना वापरलेलं, कणांना चिकटलेलं सायट्रेट हे सेंद्रिय रसायन जळून त्याचा कार्बन झाला होता. कार्बनचे उंचवटे रुंद असतात. थायरमचा पीक अरुंद असतो आणि सोबत ५६० जवळचाही दिसायला हवा. शेतकऱ्याच्या मालावर औषध आहे असं लेखी देणं ही लहान गोष्ट नाही. अशा कागदाने सौदा मोडतो.

म्हणून मी आधी कोरा जेल मोजतो, मग नुसता द्रावक (ज्यात नमुना विरघळवला ते द्रव), मग नमुना. लेसरची ताकद अगदी कमीवरून सुरू करतो. एकाच जागी दोनदा घेतलेला स्पेक्ट्रम जुळला नाही, तर पुढे जात नाही.

दुसरी चूक घाईची: ओला जेल पंख्याखाली किंवा ओव्हनमध्ये वाळवणे. सिग्नल वाढतो तो कणांमधल्या काही नॅनोमीटरच्या फटींमुळे, आणि रेणूंना तिथवर पोचायला जेलची जाळी उघडी लागते. १९७४ साली इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनला पिरिडिन या रसायनाचा वाढीव सिग्नल मिळाला, तोही मुद्दाम खडबडीत केलेल्या चांदीवरच. जेलमधलं पाणी उडताना पृष्ठताणाने जाळी आत ओढली जाते आणि जेल उन्हातल्या गाळासारखा आक्रसून तडकतो. एरोजेल, म्हणजे जाळी न आक्रसता वाळलेला जेल, हवा असेल तर कार्बन डायऑक्साइडने सुपरक्रिटिकल पद्धतीने वाळवावा लागतो, म्हणजे ३१ अंश सेल्सिअस आणि ७४ बारच्या वर, जिथे द्रव-वायू हा भेदच उरत नाही आणि पृष्ठताणही नसतो. ती सोय नसेल तर जेल ओलाच वापरा. मी तो पाण्यातच ठेवतो. झटपट वाळवलेल्या जेलवरचे आकडे मी वाचतही नाही.

बोअरच्या पाण्याने भांडी विसळू नका; त्यातल्या क्लोराइडने सिल्व्हर नायट्रेट (ज्यापासून चांदीचे कण बनतात ते क्षार) पांढरं गढूळ होतं. त्यापासून चांदी वेगळी करणाऱ्या बोरोहायड्राइडचं द्रावण आयत्या वेळी, बर्फगार पाण्यात करा, कालचं नको.

खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात, हवेत थोडं जरी गंधक असलं तरी चांदी काळी पडते. थोडाच जेल करा, घट्ट झाकणात ठेवा.

ऱ्होडामिन या रंगद्रव्याला ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर लावून मिळालेला जोरदार सिग्नल पाहून जेल उत्तम ठरवू नका. तो रंग तो प्रकाश शोषतो आणि सिग्नल वाढवायला स्वतःच साथ देतो. कीटकनाशकं तशी देत नाहीत.

आणि यंत्राचं माप बरोबर आहे ना, हे पाहायला सिलिकॉनचा ५२०.५ सेंटिमीटर इन्व्हर्सचा पीक रोज सकाळी तपासा. तो सरकला असेल तर यंत्र आधी दुरुस्त करा, नमुना नंतर.