डेटाबेस स्क्रिप्ट मेमरी खातेय? आधी कर्सर तपासा

पायथन स्क्रिप्ट पोस्टग्रेसमधून लाखो ओळी वाचताना मेमरी फुगत असेल, तर ती नेमकी कधी फुगते ते पाहा. क्वेरी चालवल्या चालवल्या फुगली, तर दोष बहुधा कर्सरचा, म्हणजे क्वेरी चालवून तिचा निकाल हाती देणाऱ्या ऑब्जेक्टचा. सायकोपीजी २ (पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी) चा साधा कर्सर एक्झिक्यूट होताच सगळा निकाल क्लायंटकडे, म्हणजे तुमच्या स्क्रिप्टकडे, ओढून आणतो. त्यामुळे फेचऑलच्या (सगळ्या ओळी एकदम) जागी फेचवन (एकेक ओळ) लिहूनही हा बोजा उतरत नाही.

कर्सर उघडताना त्याला नाव द्या. मग निकाल सर्व्हरकडेच राहतो आणि फॉर लूपमध्ये एका वेळी 2000 ओळी येतात. ओळींत मोठाले जेसन असतील तर कर्सरचा इटरसाइज, म्हणजे एका वेळी येणाऱ्या ओळींचा हा आकडा, 200 वर आणा. याच कर्सरवर फेचऑल केलंत, तर मात्र सगळं मुसळ केरात!

हमखास अडतं ते पुढे: लूपमध्ये कमिट केलं (बदल डेटाबेसमध्ये पक्के केले) की नाव दिलेला कर्सर बंद होतो. म्हणून डेटाबेसमध्ये लिहिण्यासाठी दुसरं कनेक्शन उघडा.

मेमरी हळूहळू चढत असेल, तर एखादी लिस्ट किंवा कॅशे वाढतेय. ट्रेसमॅलॉक या पायथनच्या मेमरी-नोंद मोड्यूलचे दोन स्नॅपशॉट 10,000 ओळींच्या अंतराने घेऊन ताडून पाहा. वाढ कोडच्या कोणत्या ओळीत आहे ते कळतं. सायकोपीजी आतून वापरते त्या लिबपीक्यू या सी लायब्ररीने घेतलेली मेमरी त्यात दिसत नाही, म्हणून प्रोसेसचा आरएसएसही (तिने प्रत्यक्ष व्यापलेली रॅम) सोबत बघा.