रॅम टाकली आणि लॅपटॉप चालूच होईना? परत उघडायच्या आधी हे जवळ घेऊन बसा

सगळ्यात आधी जुनी रॅम शोधा. ड्रॉवरमध्ये टाकली असेल, भाच्याला दिली असेल, जिथं असेल तिथून आणा, कारण ती परत टाकून लॅपटॉप चालू झाला तर लॅपटॉप ठणठणीत आहे आणि लोचा नव्या रॅममध्ये आहे हे पाच मिनिटांत कळतं, आणि ती नसेल तर नुसते अंदाज लावत बसाल. नवी नीट चालेपर्यंत जुनी विकायची नाही, हे मी आता सगळ्यांना आधीच सांगून ठेवतो.

मग मोबाइलवर मॉडेलचा पूर्ण नंबर लिहून ठेवा (खालच्या स्टिकरवर असतो) आणि दोन्ही रॅमच्या लेबलचे फोटो काढा. डीडीआर३, ४, ५ (रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या, लेबलवर लिहिलेलं असतं) यांची खाच वेगवेगळ्या जागी असते त्यामुळे चुकीची बसतच नाही, पण डीडीआर३ आणि डीडीआर३एल मात्र दिसायला सारख्या, दोन्हीला २०४ पिना, दोन्ही खटकन बसतात. फरक व्होल्टेजचा, साधी १.५ व्होल्टची आणि एल वाली १.३५ ची, आणि इंटेलच्या चौथ्या जनरेशनचा प्रोसेसर असलेल्या बऱ्याच लॅपटॉपना एल वालीच लागते. मेव्हण्याच्या लॅपटॉपला हेच झालं होतं, दुकानदार म्हणे सेमच असते ओ, आणि आम्ही अख्खा रविवार बॅटरीला शिव्या घातल्या.

उघडायच्या आधी एक नीट बघून घ्या, नक्की काय होतंय? लाइट लागते, फॅन फिरतो आणि स्क्रीन काळी, तर बहुतेक रॅमचंच. पण बटण दाबून काहीच नाही, चार्जरची लाइटपण नाही, तर रॅमला दोष द्यायची घाई नको, कव्हर काढताना पॉवर बटणाची चपटी केबल निसटली असेल किंवा बॅटरीचा कनेक्टर अर्धवट बसला असेल. काही लॅपटॉप तर बॅटरी काढून परत लावली की चार्जर जोडल्याशिवाय जागेच होत नाहीत, सो चार्जर हाताशी ठेवा. लाइट लुकलुकत असेल तर व्हिडिओ काढा, डेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये २ वेळा केशरी आणि ३ वेळा पांढरी म्हणजे रॅम सापडलीच नाही. आणि डीडीआर५ असेल तर थोडा दम धरा, पहिल्यांदा चालू होताना लॅपटॉप नव्या रॅमशी जुळवाजुळव करतो, कधी कधी काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, आणि लोक तेवढ्यात घाबरून बटण दाबून बंद करतात आणि मग परत पहिल्यापासून.

सामान फार नाही. बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, कव्हर उचकायला जुनं एटीएम कार्ड (सुरी नको प्लीज), स्क्रूंसाठी वाटी, टॉर्च, स्वच्छ खोडरबर. सिंथेटिक कपडे घालून गादीवर बसू नका, लाकडी टेबल बरं, आणि रॅमला हात लावायच्या आधी एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून घ्या.

चार्जर काढा, कव्हर उघडा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मग पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, आत उरलेला करंट निघून जातो. कधी कधी एवढ्यावरच काम होतं. नाही झालं तर रॅम काढून सोनेरी पट्टीवर खोडरबर हलक्या हातानं फिरवा, कचरा झटका, तिरकी धरून आत ढकला, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे, मगच खाली दाबा, दोन्ही बाजूच्या क्लिपांचा टक आवाज यायला हवा. दहातल्या निम्म्या वेळा तरी ती अर्धवटच बसलेली असते, हे माझं मत.

दोन रॅम असतील तर एकावेळी एकच टाकून बघा, मग स्लॉट बदलून बघा, आणि दर वेळी बॅटरी सोडवूनच. फक्त जुनीवर चालला तर नवी दुकानात बदलून घ्या, बिल सोबत न्या. जुनीवरही नाही आणि केबलपण सगळ्या जागेवर, तर मग रिपेअरवाल्याकडे न्या, मदरबोर्ड हे घरी करायचं काम नाही.

आणि हो, चालू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये रॅम पूर्ण दिसतेय का बघा, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवा, आणि तोपर्यंत कव्हरला दोनच स्क्रू लावा.